पोचा पडलेला डबा

पोलादपुरात चोऱ्या कमी होतात याचं श्रेय पोलीस घेतात, आणि उज्वला ते घेऊ देते. मोठ्या माणसाने मन मोठं ठेवावं. तिच्या मते तालुक्यात तर्कशुद्ध डोकं एकच होतं आणि त्याला आठवड्यातून दोनदा खोबरेल लागत होतं. आजवर एकही प्रकरण तिच्याकडे आलं नव्हतं. चोर घाबरून असतात, दुसरं काय?

मग शेजारच्या मैनाकाकींचा स्टीलचा डबा हरवला. झाकणाला मोठा पोचा असलेला. काकींनी थेट सून सोनालीवर बोट ठेवलं.

"हिनंच म्हायेरी पोचवला. डबा गावल्याशिवाय आता म्हायेरी जायचं नाय!"

सोनालीचं माहेर महाडजवळचं नाते गाव, आणि रविवारी तिथे तिच्या एकुलत्या एक भावाचा साखरपुडा होता.

"काळजी करू नकोस," उज्वला म्हणाली. "तू निर्दोष आहेस. रडून लाल झालेले डोळेच सांगतात."

"वहिनी, मी कांदा चिरत होते."

"तेही मी हेरलंच होतं."

उज्वलाने आपला पुराव्यांचा डबा काखोटीला मारला. नवऱ्याच्या शाळेतला तपकिरी कागद तिने त्याला झाकणासकट चढवला होता आणि वर लिहिलं होतं, 'पुरावे. हात लावू नये.' काकींच्या स्वयंपाकघरातून त्यात एक केस, मांजराची मिशी आणि मूठभर वासाचा सुका जवळा जमा झाला.

पहिला संशय भंगारवाल्यावर गेला. तो महिनाभर आपल्या गावी गेलेला होता. दुसरा मांजरावर.

"मांजर जवळा नेईल गो, डबा कशाला नेईल?" काकींनी विचारलं.

"जवळा ठेवायला."

तिसरा संशयित सोनालीचा मुंबईकर दीर गणू. तो गेल्याच आठवड्यात गाडी भरून परत गेला होता. त्याने फोनवर हात टेकले. "वैनी, मम्मीने डिकीत तांदूळ आणि चार फणस कोंबले. मीच कसाबसा अ‍ॅडजस्ट झालो. डबा कुठे ठेवणार?"

शनिवारी संध्याकाळी उज्वलाने सगळ्यांना काकींच्या पडवीत बसवलं. पुराव्यांचा डबा तेवढा घरी विसरला होता. "गुन्हेगार," ती म्हणाली, "या क्षणी आपल्यातच—"

इतक्यात तिची सासू सुंदराबाई नाकाला पदर लावून आली. हातात डबा होता आणि तपकिरी कागदाच्या चिंध्या.

"उज्वला, तुझ्या पुराव्यांनी घर नासवलं. घासायला घेतला तर बघ काय निघालं."

झाकणाला मोठा पोचा होता.

"ह्यो तर माझा डबा!" काकी ओरडल्या.

"तुझाच गो. दिवाळीत चकल्या दिल्या होत्यास ना? रिकामा परत कसा द्यायचा, म्हणून हिला म्हटलं, कायतरी भरून दे. मला वाटलं दिला. हिनं पुरावे भरले."

सगळ्यांच्या माना उज्वलाकडे वळल्या.

"म्हणजे गुन्हेगार आपल्या डोळ्यांसमोरच होता," उज्वला शांतपणे म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

"डोळ्यांसमोर कुठला, वहिनी," सोनाली म्हणाली, "काखेत होता."

काकींनी सुनेकडे न बघता डबा पुन्हा घासला, पुसला, त्यात रव्याचे लाडू भरले आणि तिच्यापुढे सरकवला.

"भावाला ने. सकाळची पयली गाडी पकड."

"आणि डबा? तिकडंच राहिला तर?"

"ऱ्हाऊ दे." काकींनी पडवीतल्या उज्वलाकडे पाहून आवाज खाली आणला. "फक्त हिच्या कानावर घालू नको."