भरीव संशोधन

इतिहासाचे प्राध्यापक रेठरेकर वारले तेव्हा विद्यापीठात निर्माण झालेली पोकळी ग्रंथालयाच्या जिन्याखाली आहे, आणि दरवर्षी उत्कृष्ट संशोधनाबद्दल ज्यांचा सन्मान होतो त्या प्राध्यापकांना तिच्यात उतरवतात. शोकसभेत सगळ्यांनीच ही पोकळी भरून येणार नाही असं सांगितलं होतं, पण बांधकाम विभागाला ते पटेना. त्यांनी आधी मुरूम टाकून पाहिला. तो कुठे गेला ते कळलं नाही. मग नियमात बसेल असा तोडगा निघाला, की पोकळी भरायची तर माणूस भरीव काम केलेलाच हवा.

उतरलेलं कुणी अजून वर आलेलं नाही. विद्यापीठात मात्र तेव्हापासून मोठा सलोखा आहे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे विभागप्रमुख आता परस्परांच्या संशोधनाची मुक्तकंठाने स्तुती करतात.

यंदा नाव आलं वनस्पतिशास्त्राच्या डॉ. सुनेत्रा केंजळे यांचं. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं दगडफुलावर घातली होती, आपण मसाल्यात घालतो त्याच दगडफुलावर. निवड समितीपुढे जायच्या सकाळी त्या फार घाबरल्या होत्या. पदराची पिन त्यांच्या नवऱ्याने, अरविंदरावांनी, लावून दिली.

"काहीही विचारलं तरी चुकलं म्हण," ते म्हणाले. "माझ्याशी कधी म्हणाली नाहीस, तिथे तरी म्हण."

बाईंनी तसंच केलं. समितीचे अध्यक्ष डॉ. हेरवाडकर एकेक शोधनिबंध काढत गेले आणि बाई चुका कबूल करत गेल्या. नमुने अपुरे होते, निष्कर्ष घाईत काढले, एका तक्त्याची तर आता लाज वाटते, असंही त्या म्हणाल्या. सदस्यांचे चेहरे पडले. संशोधन पोकळ असल्याचा शेरा लिहायला अध्यक्षांनी पेन उघडलं, तेव्हा कितीतरी दिवसांनी बाईंना नीट श्वास घेता आला.

"घाटातल्या त्या खडकाचंही असंच असणार," अध्यक्ष सहज म्हणाले. "इतक्या वर्षांत दगडफूल नखभरही वाढलं नाही म्हणता. नीट मोजलंच नसेल."

त्या खडकासाठी बाई दर पावसाळ्यात पायाच्या जळवा काढत घाट चढल्या होत्या. आता फक्त गप्प बसायचं होतं. अरविंदराव बाहेर बाकावर वाट पाहत होते.

"मोजलंय," बाई म्हणाल्या.

"चूक झाली असेल, मॅडम."

"नाही झाली, सर. ते बरोबर आहे."

समिती आदराने उठून उभी राहिली.

सोहळा वेळेवर सुरू झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. कुलगुरूंनी बाईंचं काम भरीव आहे असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या, आणि इतक्या भीतीतही बाईंना बरं वाटलं. पहिल्या रांगेत अरविंदराव हात मांडीवर ठेवून बसले होते. मग सगळे जिन्याखाली गेले. शिपायाने बाईंना चपला काढायला सांगितलं.

कडेला बसून त्यांनी खाली पाहिलं. काहीच दिसेना. तेवढ्यात खाली कुणीतरी सरकल्याचा आवाज आला.

"सांभाळून या, मॅडम. जागा अजून पुष्कळ आहे."

बाईंनी निऱ्या आवरल्या आणि त्या उतरल्या.