मष्णू ख्रिस्ती झाल्याची दवंडी

हॅम्लिनसाहेब पाद्री निपाणीच्या रस्त्यावर बंगला बांधून राहिले त्याला पुष्कळ वर्षे झाली होती, आणि एवढ्या काळात माळकट्टी गावातून एकही माणूस ख्रिस्ती झाला नव्हता. साहेब दर आठवड्याला गावात येत, पेटीवर गाणी म्हणत, पडद्यावर दिव्याच्या उजेडाने चित्रे दाखवीत आणि हिवतापाच्या गोळ्या वाटत. लोक गाणी ऐकत, चित्रे बघत, गोळ्या घेत आणि घरी जात. परिस्थिती अशी समाधानकारक असल्यामुळे ती बिघडू नये म्हणून गावात स्वधर्मरक्षक मंडळ स्थापन करण्यात आले.

तंबाखूचे दलाल तम्मण्णा चौगुले अध्यक्ष झाले. बोर्डाच्या शाळेचे सुबराव मास्तर सभासद झाले. मी नुकताच कोल्हापूरहून सायन्सची पदवी घेऊन आलो होतो आणि नोकरी लागलेली नव्हती, म्हणून चिटणीस झालो.

पहिल्या सभेपुढे काही कामच नव्हते. ते मष्णूच्या रूपाने चालत आले आणि अंगणात उभे राहिले. मष्णू हा गावचा महार. दवंडी पिटणे, टपाल पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे ही त्याची कामे. त्याची मुलगी अक्काताई मास्तरांच्या शाळेत तिसरीत होती, म्हणजे शाळेच्या पडवीत होती.

"आप्पा, पडवीतनं फळा दिसत न्हाय तिला," मष्णू तम्मण्णांना म्हणाला. "पाऊस आला की पाटीवरचं लिवल्यालं वाहून जातंय. दारातनं आत, उंबऱ्याला लागून बसली तर चालंल का?"

सुबराव मास्तरांनी चष्मा पुसला. "सरकारचा हुकूम आहे की या मुलांना शाळेत घ्यावे. आपण घेतले आहे. पडवी शाळेचीच आहे."

"आज उंबऱ्याला, उद्या फळ्याला, परवा माझ्या नातवाच्या मांडीला मांडी," तम्मण्णा म्हणाले. "मष्ण्या, तुझ्याबद्दल आमच्या मनात लई माया हाय. म्हनूनच न्हाय म्हनतोय."

ठराव मी लिहिला: 'पडवीतील विद्यार्थिनीबद्दल मंडळास संपूर्ण सहानुभूती असून ती आहे तिथेच राहावी.' 'ती' म्हणजे सहानुभूती की विद्यार्थिनी, हे कोणी विचारले नाही.

मष्णूने दुसऱ्या दिवशी अक्काताईला साहेबांच्या शाळेत घातले. ती शाळा तिसरीपर्यंतच होती, पण तिथे पहिल्या बाकावर जागा होती आणि कोणाला धर्म विचारत नसत. ही बातमी कळताच मंडळाची तातडीची सभा भरली. पाद्र्याकडे जाण्याची वाट बंद करणे आवश्यक होते. म्हणून मष्णूला गावच्या दुकानातून मीठ-तेल देऊ नये असे ठरले. मष्णू निपाणीच्या बाजारातून मीठ आणू लागला, आणि वाटेत साहेबांचा बंगला असल्यामुळे तिथे सावलीला टेकू लागला.

वाट पुरेशी बंद झाली नाही, असे दिसल्यावर मंडळ पाण्याकडे वळले. गावच्या विहिरीला मष्णूच्या घरच्यांनी हात लावायचा नसे. त्याची बायको मालुबाई कट्ट्याखाली घागर ठेवून उभी राही आणि कोणाला दया आली की ती बाई वरून पाणी ओती. मंडळाने दयेवर बंदी घातली. मालुबाई साहेबांच्या विहिरीवर गेली. तिथे दोर तिच्याच हातात दिला.

मी चौकशीला गेलो तेव्हा ती घागर उतरवत होती. "मंडळाचं लई उपकार झालं बगा," ती म्हणाली. "सकाळधरनं हात जोडून उभं ऱ्हायाचं वाचलं. आता अजून काय बंद करनार हाईसा? आदी सांगा, म्हंजे तिकडं सोय बगून ठेवतो."

पुढचा निष्कर्ष अटळ होता. जो पाद्र्याकडे शिकतो, पाद्र्याकडे बसतो आणि पाद्र्याचे पाणी पितो, तो ख्रिस्ती झालेला आहे. मंडळाचे शिष्टमंडळ निषेध करण्यासाठी बंगल्यावर गेले. साहेबांनी पुस्तकातून शिकलेल्या मराठीत आमचे स्वागत केले.

"सद्गृहस्थहो, मष्णूने मजकडे बाप्तिस्मा मागितलेला नाही. आणि मागितला तरी प्रथम एक वर्ष शिक्षण घ्यावे लागते. आम्ही घाई करीत नसतो."

परत येताना तम्मण्णा म्हणाले, "बगितलासा? लपवतोय लेकाचा. आपुनच जाहीर करू."

गावात काहीही जाहीर करायचे तर दवंडी पिटावी लागते, आणि दवंडी पिटणे हे मष्णूचे काम. मष्णू हलगी घेऊन चावडीपुढे आला. मजकूर मी वाचून दाखवला.

त्याने तो नीट ऐकला. "म्हंजे मी किरिस्ताव झालो."

"झालास," तम्मण्णा म्हणाले.

"मला ठावंच न्हवतं. कवा झालो?"

"ते मंडळ ठरवंल."

"पन आप्पा, मी किरिस्ताव असंन तर दवंडी हे माझं काम न्हाय. आन् हे माझं काम असंल तर मी किरिस्ताव न्हाय."

आक्षेप तर्कशास्त्राला धरून होता. मंडळाने बाजूला जाऊन विचार केला आणि निर्णय दिला की मष्णूने आधी दवंडी पिटावी आणि ती संपताक्षणी ख्रिस्ती व्हावे. त्याप्रमाणे तो गावभर हिंडला. "ऐका हो ऐका, मष्णू किरिस्ताव झाला हो, मंडळ म्हनतंय हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मष्णू चावडीच्या कट्ट्यावर येऊन बसला.

लोक धावले. पण करायचे काय? मिशनचा कारकून गावात आला की त्याच कट्ट्यावर त्याच्यासाठी घोंगडे अंथरत. त्याचा बाप कोणत्या गावी कोणते काम करी हे सर्वांना माहीत होते, पण कारकून ख्रिस्ती होता आणि ख्रिस्त्याचा विटाळ नसतो. मष्णूही आता ख्रिस्ती होता. तसे त्याचे म्हणणे नव्हते, मंडळाचे होते. मंडळाला मंडळाविरुद्ध जाता येईना. घोंगडे आणावे लागले.

थोड्या वेळाने तो उठला, अक्काताईला घेऊन बोर्डाच्या शाळेत गेला आणि म्हणाला, "मास्तर, साहेबाच्यात तिसरी संपली. चौथीला कुटं बसू दे हिला?"

कारकुनाचा मुलगा मागच्या वर्षी आत, भिंतीशी बसत असे. मास्तर नियमाचे पक्के होते. त्यांनी बोट दाखवले. अक्काताई उंबरा ओलांडून गेली आणि फळ्यासमोर बसली.

मंडळ हतबल झाले नाही. महारवाड्यातले बाकीचे लोक मालुबाईने आणलेले पाणी पीत होते, म्हणजे तेही संशयास्पद होते. एकेकाची दवंडी निघाली. प्रत्येक दवंडी उरलेल्यांपैकी एकाने पिटली, आणि शेवटी राहिलेल्या रवळूने स्वतःची. अशा रीतीने साहेबांना इतक्या वर्षांत जे साधले नाही ते मंडळाने एका महिन्यात केले, आणि पाद्र्याला त्यासाठी बोटही हलवावे लागले नाही.

मग तम्मण्णांचा बैल मेला.

तो दारातच मेला आणि दारातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची खबर वाऱ्याबरोबर चावडीपर्यंत येऊ लागली. तम्मण्णा नाकाला उपरणे लावून कट्ट्यापाशी आले.

"मष्णू, बैल ओढायचा हाय रं."

"ते महाराचं काम, आप्पा. गावात आता कोन हाय महार? तुमी दवंडी ऐकली न्हाईसा?"

शिष्टमंडळ पुन्हा बंगल्यावर गेले. आमची माणसे परत द्या, असे तम्मण्णांनी सांगितले.

साहेब गोंधळले. "जे मला मिळालेच नाही ते मी परत कसे देऊ?" मग ते जरा पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परंतु संपूर्ण वाडा? आपण हे कसे करता, ते मला कृपा करून शिकवाल काय?"

त्याच संध्याकाळी मंडळाने सर्व दवंड्या रद्द केल्या. पिटायला कोणी नव्हते, म्हणून मी चावडीवरून वाचून दाखवले की वाड्यातील सर्व मंडळी कधीच ख्रिस्ती झाली नव्हती, ती आपलीच आहे आणि मंडळाला तिचा अभिमान आहे. मष्णूला धोतर आणि नारळ देण्यात आला. तम्मण्णांनी त्याला भाऊ म्हटले, चार हातांवरून.

"मी तर इथंच हाय, आप्पा," मष्णू म्हणाला. "पन उद्या अक्काताय कुटं बसनार?"

तम्मण्णांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"पडवीला पत्रा घालू की," तम्मण्णा म्हणाले.

सकाळी अक्काताई पडवीत होती. शास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे फार समाधानकारक वाटले. तीच मुलगी, तीच पाटी, तेच मास्तर. बदलला तो फक्त धर्म, आणि तोही फक्त आमच्या बोलण्यात. आपली म्हटली की बाहेर, परकी म्हटली की आत. प्रयोग दोन्ही बाजूंनी करून पाहिला आणि उत्तर चुकले नाही.

मष्णूने बैल ओढला नाही. धोतर चावडीवर ठेवून तो बंगल्याकडे चालू लागला. मंडळाच्या वतीने निरीक्षण करायला मी मागोमाग गेलो.

"साहेब, ते वर्साचं शिक्षान सुरू करा," तो म्हणाला. "खरोखरचं."

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. असा कोणी आला तर एक प्रश्न विचारायची त्यांची रीत होती. "तुला येथवर कोणी आणले?"

"तम्मण्णा आप्पांनी," मष्णू म्हणाला. "सुबराव मास्तरांनी. आन् ह्ये दारात उभं ऱ्हायल्यात, त्येंनी."

"इतकेच?"

मष्णूने विचार केला. "न्हाय. आनी लई हायती. शिकल्याली, भली मान्सं. शाळंवरनं जायाची, पोरगी भिजताना बगायची, 'वाईट हाय' म्हनायची आन् फुडं जायाची. कुनाला कायबी बोलली न्हाईत. त्येंची नावं ठावं न्हाईत मला. पन मदत लई झाली त्येंची."

साहेबांना कृतज्ञता फार. अशा सर्व सहृदय माणसांचे मिशनच्या वतीने आभार मानावेत, अशी त्यांनी मला विनंती केली. त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. म्हणून हे छापायला दिले आहे. ज्यांच्यासाठी आहे त्यांनी इथवर वाचलेच असेल.