झाकणाला हात कोणी लावला?

सकाळी दहा वाजता प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीवरचं झाकण तिरकं सापडलं. घडलं एवढंच, पण पीएचडी करणाऱ्या ताईच्या काळजाचं पाणी झालं!

आदल्या संध्याकाळी तिनेच छातीठोकपणे जाहीर केलं होतं, "आता झाकण ठेवायचं आणि विसरायचं. द्रव सावकाश उडून जाईल आणि कॉपर सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण आपोआप रांगेत बसतील. लुडबुड कोणी करायची नाही!"

हे कण बनवताना असा काही सडक्या अंड्यांचा वास सुटला होता, की शेजारच्या विभागातले लोक अजून तिच्याशी खिडकीतूनच बोलत. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या बशीवर अडलेलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरची पाळी आज दुपारी. ती चुकली की थेट पुढच्या वर्षी!

"काका, तुम्ही उघडलंत?"

"मी? छे!" प्रयोगशाळा सांभाळणारे काका म्हणाले. "सरांना विचार."

तिचे मार्गदर्शक सर उखडलेच. "मी उघडीन? तूच उघडलं असशील, घाबरट कुठली!"

"आईशपथ नाही, सर!"

घरी जाताना तिने एकदा झाकण उचललं होतं खरं; पण ते काही उघडणं नव्हे, ती खात्री!

दुपारी तिघं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर उभी राहिली. आणि काय! कवायतीच्या मुलांनी मान खाली घालावी अशा रांगा!

"आई, सुटले गं!" ताईने घरी फोन केला. "कण बसले!"

"बसू देत. तू जेवलीस का?"

सर मात्र म्हणाले, "परीक्षक पुन्हा करून दाखवायला सांगतील. दुसरी बशी लाव."

या वेळी बशी कपाटात गेली, कुलूप लागलं, किल्ली सरांच्या खिशात. निघाला काय, तर गाळ! तिसरी बशीही कुलपात ठेवली; तिच्यातही गाळच.

शेवटी सर खाकरले. "पहिल्या बशीचं झाकण मी त्या दिवशी जरासं उचललं होतं. कोणी उघडलं तर नाही ना, एवढंच बघायला."

"मीही," काका पुटपुटले. "सर गेल्यावर. त्यांनी उघडलं की काय, म्हणून."

"आणि मी तुमच्या दोघांच्या आधी," ताई म्हणाली.

"म्हणजे रांगा माझ्यामुळे!" सर एकदम उजळले.

"वा! शेवटचा हात माझा होता!" काका म्हणाले.

ताजी खबर अशी, की रांगांचं चित्र प्रबंधात गेलं आहे. चौथी बशी टेबलावर आहे. झाकण कोणी किती उचलायचं, यावर तिघांचं अजून एकमत व्हायचं आहे.