सुयोगरावांनी पुसलेला ॲम्प्लिफायर

शिरगावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये साठ माणसं वाट बघत बसली होती आणि ॲम्प्लिफायर काही तोंड उघडायला तयार नव्हता. लाल दिवा लागत होता, आतला पंखा फिरत होता, आवाज मात्र नावाला नाही!

"एकच मिनिट हं," सुयोगराव अकराव्यांदा म्हणाले. अंबरनाथच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून रिटायर झालेला माणूस. गीझरपासून लिफ्टपर्यंत काहीही बिघडलं की सोसायटी आधी त्यांचीच बेल वाजवायची. त्यात आज त्यांच्या बायकोचा, संजीवनीबाईंचा, गाण्याचा पहिला जाहीर कार्यक्रम. बाईंनी चार महिने घाम गाळला होता. पण आवाज इतका नाजूक, की माइकशिवाय पहिल्या रांगेच्या पुढे गेला नसता.

सुयोगरावांनी फ्यूज काढून पाहिला. ठीक होता. स्पीकरच्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या. मग झाकणच उघडलं आणि आत टॉर्च मारून इतके गंभीर झाले, की समोर बसलेल्या एका आजींनी आपले हात जोडले.

"अहो, होईल ना?" संजीवनीबाईंनी विचारलं.

"माझं काम चोख आहे. कालच हा बबनकडून सर्व्हिस होऊन आलाय. त्यानेच आतला ओरिजिनल माल काढून डुप्लिकेट घातला असणार!"

बबन मूळचा कुळगावचा. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्याचं दुरुस्तीचं दुकान. सुयोगरावांनी त्याला फोन लावला, तोही स्पीकरवर, चारचौघांना कळावं म्हणून. "चोर आहेस तू! आमचा कार्यक्रम बुडवलास!"

"काका, मी येतो," बबन एवढंच म्हणाला.

गिऱ्हाइकं तशीच सोडून तो बाइकवरून तासाभरात हजर झाला. "जरा सरका काका," म्हणून खाली वाकला आणि समोरचं एक बारकंसं बटण अंगठ्याने दाबून त्याने मोबाइल जोडला. तबल्याचा ठेका हॉलभर घुमला.

सुयोगरावांनी वाकून ते बटण पाहिलं. त्या बटणावर ए आणि बी अशा दोन जागा. हॉलचे स्पीकर ए वर. बी वर काहीच जोडलेलं नव्हतं. सकाळी त्यांनीच फडकं घेऊन ॲम्प्लिफायर घासूनपुसून लख्ख केला होता. तेव्हाच बटण बी वर गेलं, दुसरं कोण करणार!

"काय झालं होतं रे?" सेक्रेटरी धर्मराजांनी विचारलं.

बबनने सुयोगरावांचे तांबडेलाल कान पाहिले. "माझीच मिस्टेक. आतली एक वायर लूज राहिलेली. सॉरी साहेब."

"म्हणजे सुयोगराव बरोबरच बोलत होते!" धर्मराज कडाडले. "चल, फूट इथून! यापुढे सोसायटीचं एकही काम तुला नाय मिळणार!"

कुणीतरी सुयोगरावांची पाठ थोपटली. "मानलं बुवा तुम्हाला!" धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. ज्याला चोर म्हटलं तोच आपली अब्रू झाकत होता, आणि त्यापायी स्वतःची रोजीरोटी घालवून बसला होता. छे, हे पचणारं नव्हतं. ते माइकपुढे उभे राहिले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"ऐका. बबनची काही चूक नाही. बटण माझ्याच हातून चुकीचं दाबलं गेलं. वर मी त्याला चोर म्हणालो. मला फार लाज वाटतेय."

हुश्श! सांगून टाकलं एकदाचं. त्यांनी डोळे उघडले. ठेका जोरात चालू होता. धर्मराज अजून बबनला झापत होते, मागे दोन बायका साडीच्या काठावर चर्चा करत होत्या. कुणाला पत्ताच नव्हता.

शेजारी उभ्या संजीवनीबाईंनी बबनला खुणेने ठेका बंद करायला लावला. मग पुढे होऊन माइकच्या दांड्यावरचं बटण वर सरकवलं.

"मी ऐकलं," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, आणि ते शब्द चारही स्पीकरांतून दणदणत निघाले. साठ माना वळल्या. "आता यांनाही सांगा."