फिटरबाईंची वीस मिनिटं

निरोपसमारंभ सुरू झाला तेव्हा ज्यांना निरोप द्यायचा त्या फिटरबाईच जागेवर नव्हत्या. पॅकिंगच्या हॉलमध्ये लाकडी फळ्या रचून त्यांवर सतरंजी अंथरून मंच केला होता. मंचावर मॅनेजर होते, मुख्य कचेरीतून आलेले मोठे साहेब होते, इस्त्रीचा शर्ट घातलेले फिटरबाईंचे यजमान होते आणि एक रिकामी खुर्ची होती. "येतील, तयार होत असतील," असं मॅनेजरनी साहेबांना सांगितलं. यजमानांनी घड्याळ पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला तयार व्हायला पाच मिनिटांच्या वर लागलेली त्यांनी पाहिली नव्हती.

फिटरबाई त्या वेळी हॉलच्या बाहेर, दाराशेजारच्या भिंतीवरून जाणाऱ्या हवेच्या पाइपाशी पाना घेऊन उभ्या होत्या.

या कारखान्यातली निम्मी यंत्रं कॉम्प्रेसरच्या हवेवर चालत. त्या हवेतून तेल, पाणी, गंज असं काय काय वाहत येतं, आणि ते अडवायला पाइपावर फिल्टर बसवतात. त्याच्या आतला गाळणारा भाग सहा महिन्यांनी बदलावा लागतो, आणि बदलताना हवा वीस मिनिटं बंद ठेवावी लागते. हा शेवटचा बदलला त्याला सतरा महिने झाले होते. म्हणजे अकरा महिने फिटरबाई वीस मिनिटं मागत होत्या आणि अकरा महिने मॅनेजर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत होते. नवा भाग कपाटात खोक्यात पडून होता.

या अकरा महिन्यांत मॅनेजर स्वस्थ बसले होते असं मात्र कोणी म्हणू नये. फिल्टर तुंबल्यामुळे हवेचा जोर कमी झाला आणि खोक्यांची झाकणं अर्धवट चिकटू लागली, तेव्हा त्यांनी कॉम्प्रेसरचा दाब वाढवला. वाढलेल्या दाबाने दोन ठिकाणी पाइप फुटले, तेव्हा त्यांनी दुसरा कॉम्प्रेसर आणला. दोन कॉम्प्रेसरच्या आवाजाने सगळ्यांची डोकी उठली, म्हणून कानात घालायची बोंडं वाटली. बोंडांमुळे जेवणाची घंटा ऐकू येईना, म्हणून भिंतीवर लाल दिवा लावला. दिवा लागला की लोक आग लागली समजून मैदानात पळत. एकदा असे पळाले ते पाऊण तास परत आले नाहीत. वीस मिनिटं वाचवण्यासाठी माणूस किती कष्ट घेऊ शकतो, हे मॅनेजरकडून शिकावं.

फिटरबाईंना या सगळ्याची लाज वाटे. आपल्यामागे लोक या फिल्टरकडे बोट दाखवून "हा बाईंच्या हाताखालचा" म्हणणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. आणि आज, मोठ्या साहेबांना संध्याकाळी पुढच्या गावी जायचं म्हणून, ज्या मॅनेजरना अकरा महिने वीस मिनिटं सापडली नव्हती त्यांनीच भर दुपारी अर्धा तास सगळी यंत्रं बंद ठेवली होती. कशासाठी, तर फिटरबाईंच्या कामाचं कौतुक करण्यासाठी. बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी खोकं काखोटीला मारलं, व्हॉल्व्ह बंद केला, उरलेली हवा सोडून दिली आणि फिल्टरचं भांडं खोललं.

तेवढ्यात शेजारचं दार खाली येऊ लागलं.

हॉलचं हे वर-खाली होणारं दार हवेवर चालायचं. पूर्वी त्याची हवा वेगळ्या पाइपातून यायची. महिन्यापूर्वी मॅनेजरनी बाईंना न विचारता ते याच पाइपाला जोडून घेतलं होतं. दार सावकाश उतरलं आणि उंबऱ्याशी पडलेल्या एका खोक्यावर जमिनीपासून वीतभर अंतरावर टेकलं. आत दीडशे माणसं होती. दुसरं एक दार होतं, पण ते नेमकं मंचामागे गेलं होतं, आणि मंच हलवायचा तर साहेबांसकट हलवावा लागला असता.

मॅनेजर धावत आले. पुढे काहीच सुचेना, तेव्हा कोटासकट पालथे पडून त्यांनी फटीतून पाहिलं. त्यांना फिटरबाईंचे बूट दिसले.

"बाई, हवा चालू करा."

"फिल्टर उघडलाय साहेब. आता चालू केली तर तुमच्याच तोंडावर येईल."

"मग आहे तो तसाच बसवा आणि चालू करा. मोठे साहेब आत आहेत."

बुटांशेजारी काहीतरी थपकन पडलं. तो जुना भाग होता. मूळचा पांढरा, आता काळाकुट्ट, तेलाने निथळत होता.

"हा बसवू?" बाईंनी विचारलं. "मी नाही बसवणार. तुम्हाला बसवायचा असेल तर बाहेर येऊन बसवा."

मॅनेजरनी मेमोची भाषा केली. बाई म्हणाल्या, साडेपाचपर्यंत मी नोकरीत आहे, तोवर खुशाल द्या, दाराखालून सरकवा. मग मॅनेजरनी यजमानांना मध्ये घातलं. यजमानही गुडघ्यांवर बसले, वाकले आणि म्हणाले, "अगं, रबराची रिंग बघून घे. मागच्या वेळी म्हणत होतीस, चिरलीय." बाई म्हणाल्या, "नवी आणलीय हो." एवढं ऐकून यजमान कपडे झटकत जाग्यावर जाऊन बसले.

मोठ्या साहेबांना आता कुतूहल वाटू लागलं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या बायकांना विचारलं, हा फिल्टर काय प्रकार आहे? बायकांनी पाइप फुटल्यापासून लाल दिव्यापर्यंत सगळं सांगितलं, अगदी पाऊण तासाच्या पळापळीसकट. हे कानावर पडल्यावर मॅनेजरना जमिनीवरून उठावंसंच वाटेना.

अठराव्या मिनिटाला बाईंनी भांडं आवळलं आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. दार सरसर वर गेलं. इतक्या झटपट ते गेल्या कित्येक दिवसांत कधी गेलं नव्हतं. उंबऱ्यावर मॅनेजर पालथे आणि त्यांच्यासमोर हातपाय तेलाने माखलेल्या फिटरबाई, असं दृश्य दीडशे माणसांनी पाहिलं. मॅनेजर उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "चला, झालं. कामाला लागा."

कोणीही उठलं नाही. असं हॉलमध्ये निवांत बसायला लोकांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं, आणि कारखाना काही कोसळला नव्हता. शेवटी, एरवी ज्यांचा आवाजही ऐकू येत नाही अशा एका पॅकिंगच्या बाई म्हणाल्या, "बाई, असे आणखी किती फिल्टर आहेत हो?"

"चार."

"सगळे तुंबलेत?"

"सगळे. त्यांचेही नवे भाग कपाटात पडून आहेत."

"मग बदलून घ्या. आम्ही बसतो."

मॅनेजरनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बूट काढून पाय लांब केले होते. ते म्हणाले, "बाईंचा निरोपसमारंभ आहे, घाई कशाला? तुम्ही भाषण सुरू करा. चारही होईपर्यंत बोला."

फिटरबाईंनी पाना उचलला आणि पुढच्या पाइपाकडे निघाल्या. मॅनेजर मंचावर चढले आणि बाईंचे गुण सांगू लागले. दुसऱ्या फिल्टरपर्यंत गुण पुरले. तिसऱ्याला त्यांनी स्वतःच्या चुका सांगायला सुरुवात केली, आणि चौथा झाला तरी त्या संपल्या नव्हत्या.