तात्यासाहेबांच्या पाठीवरचे चौकोन

तात्यासाहेबांच्या छातीवर डाव्या बाजूला पुरळ उठलं, ते फरीदाबादला मुलाकडे, इंद्रजितकडे, राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी. पत्नी गेल्यानंतर इंद्रजितने त्यांना कऱ्हाडहून जवळजवळ उचलूनच आणलं होतं. पुरळ पाहताच तात्यासाहेबांनी स्वतःच निदान केलं.

"दिल्लीची हवा. मला सोसत नाही. मी आपला परत जातो."

"अच्छा, आणि ही हवा फक्त डाव्या बाजूलाच लागते?" इंद्रजित म्हणाला.

"वारा कुठूनही येतो."

सून रसिका हसली नाही. ती एका प्रयोगशाळेत कातडीतल्या पेशींवरच संशोधन करत होती. कातडीच्या वरच्या थरात काही पेशी पहाऱ्यावर असतात. बाहेरचं काही आत शिरलं की ते पकडायचं आणि शरीराच्या बाकीच्या फौजेला नेऊन दाखवायचं, हे त्यांचं काम. कधीकधी त्या एखाद्या निरुपद्रवी वस्तूलाच शत्रू ठरवून बसतात. असं का होतं, हे रसिका लग्नाच्या आधीपासून शोधत होती, आणि आता तिच्याच घरात सासरे रात्रंदिवस खाजवत होते.

"तात्या, बंडीच्या आत काही ठेवता का? डबी, पेन?"

"काही नाही," तात्यासाहेब जरा जास्तच लवकर म्हणाले.

मग रसिकाने त्यांना ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तात्यासाहेबांच्या पाठीवर चिकटपट्टीने अ‍ॅल्युमिनियमच्या इवल्या इवल्या वाट्या ओळीने बसवल्या. प्रत्येक वाटीत एकेक संशयित: कुठे रंग, कुठे अत्तर, कुठे धातूचा क्षार. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, असं बजावून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं.

"दोन दिवसांनी संक्रांत आहे," तात्यासाहेब गंभीरपणे म्हणाले. "इथल्या मराठी मंडळाच्या बसने मी पानिपतला जाणार आहे. लढाईचं स्मारक आहे त्या काला अंबला माथा टेकायची माझी जन्माची इच्छा आहे. पाठ कोरडी ठेवतो, पण मी जाणार."

त्यांना अडवणं शक्य नव्हतं. संक्रांतीच्या सकाळी त्यांनी पाठ वगळून अंघोळ केली आणि इंद्रजितबरोबर बसमध्ये बसले. पूर्ण प्रवासात त्यांनी पाठ टेकली नाही. शेजारच्या बाईंनी उशी देऊ केली, तर "पाठीवर काम चालू आहे" एवढंच बोलून त्यांनी ती परत केली.

स्मारकापाशी कुणी मोठे पाहुणे येणार असल्याने बंदोबस्त होता. रांगेत प्रत्येकाच्या अंगावरून यंत्र फिरवत होते. तात्यासाहेबांच्या पाठीवर ते येताच किंचाळू लागलं आणि थांबेचना. इंद्रजित तेव्हा मागे पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेला होता.

"ताऊ, पीठ पे क्या बांधा है?" हवालदाराने विचारलं.

तात्यासाहेबांचं हिंदी जेमतेम होतं, पण खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती. "हमारे सून ने लगवाया है."

"सून? क्या सुनूँ?"

"बहू! बहू ने. थोडा थोडा विष है. कौनसा लागू पडता है, वो देखने का है."

हवालदाराने शिट्टी वाजवली. रांग मागे सरकली. मंडळाचे लोकही 'आमचेच आहेत' म्हणून पुढे यायच्याऐवजी थोडे मागे सरकले. इंद्रजित धावत आला तोवर तात्यासाहेब तंबूत, इन्स्पेक्टर राजवीर यांच्यासमोर, जानेवारीच्या थंडीत उघड्या पाठीने उभे होते.

इंद्रजितने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रसिका प्रयोगशाळेत होती.

"हात मत लगाइए प्लीज!" ती ओरडली. "बम नहीं है, एलर्जी का टेस्ट है!" तिने अथपासून इतिपर्यंत सगळं समजावलं. राजवीर यांनी शांतपणे ऐकलं आणि मग आपल्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा सैल केला. मनगटाभोवती लाल वळ उमटला होता.

"मॅडम, ये भी उसी से होता है क्या?"

मग बेल्टच्या बकलाखाली खाजणारा हवालदार पुढे आला. मग एक शिपाईबाई, कानातल्यांची तक्रार घेऊन. पाठ उघडी टाकलेल्या तात्यासाहेबांना सगळे विसरले. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं, "मी सदरा घालू का?"

"थांबा तात्या," फोनमधून रसिका म्हणाली. "वेळ झालीच आहे. इंद्रजित, पट्ट्या हळूच काढ, खुणा तशाच राहू देत, आणि व्हिडिओ लाव."

पट्ट्या निघाल्या. पाठ स्वच्छ होती. फक्त एका चौकोनात लालभडक, खरखरीत ठिपका उमटला होता.

"निकेल," रसिका म्हणाली. "तात्या, हा धातू तुमच्या छातीपाशी येतो कुठून?"

हवालदाराने बाजूला काढून ठेवलेल्या बंडीवरून सहज यंत्र फिरवलं. ते डावीकडे किंचाळलं. आतल्या चोरखिशातून किल्ल्यांचा जुडगा निघाला. कऱ्हाडच्या घराच्या किल्ल्या होत्या त्या, इतकी वर्षं तात्यासाहेबांच्या पत्नीच्या कमरेला असायच्या.

राजवीर यांनी जुडगा दोन्ही हातांनी परत दिला.

काला अंबला त्यांनी माथा टेकला. राजवीर यांनी स्वतः त्यांना पुढे नेलं.

संध्याकाळी घरी रसिकाने मलम लावत सांगितलं, "एकदा ओळख पटली की त्या पेशी ती जन्मभर विसरत नाहीत, तात्या. त्यावर इलाज नाही. फक्त ती वस्तू अंगापासून दूर ठेवायची."

"म्हणजे हवेचा दोष नाही?"

"नाही."

तात्यासाहेबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा इतका उतरला की रसिकाचा हात थांबला. आपण सासऱ्यांचं दुखणं शोधलं, पण त्यांचं परत जायचं एकमेव कारणही काढून घेतलं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तसं बघितलं तर, तात्या... कोरड्या हवेने कातडी नाजूक होतेच. मी इंद्रजितला सांगू शकते की हवेचाही थोडा वाटा आहे."

"तू शास्त्रज्ञ ना?" तात्यासाहेब म्हणाले.

"आहे. म्हणून तर तो माझं ऐकेल."

तात्यासाहेब पहिल्यांदाच हसले. मग सदरा घालून ते बाहेरच्या खोलीत गेले. इंद्रजित सोफ्यावर बसला होता.

"इंद्रजित, मला घरी जायचंय."

"पण तात्या, आता तर रिपोर्ट आला. हवेचं काही नाही..."

"हवेचं काही नाही. तुमचंही काही नाही. मला घरी जायचंय."

इंद्रजितने रसिकाकडे पाहिलं. ती काही मदत करणार नाही, हे त्याला दिसलं. त्याने फोन हातात घेतला, गाड्या पाहिल्या, आणि विचारलं, "एकच तिकीट काढू?"

"तीन काढ," तात्यासाहेब म्हणाले. "दोघं मला सोडायला या. इतके दिवस बंद आहे घर, झाडायला माणसं लागतील."