वहिनींसाठी घेतलेली बंदूक

मनुष्यप्राण्याच्या खांद्याला जोराचा धक्का बसला की खांदा दुखतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य केली असली तरी मोन्टाना राज्यातल्या बिटरक्रीक गावाने ती अद्याप मान्य केलेली नाही. गावाचा याबाबतीत ठाम अनुभव आहे. गेल्या साठ वर्षांत बंदुकीच्या धक्क्याने एकाही पुरुषाचा खांदा दुखल्याची नोंद तिथे नाही. खांदे निळे होतात, हे खरं. पण त्याची कारणं वेगळी आहेत. कुंपणाचे खांब रोवणे, ट्रकचं दार लागणे, कुशीवर झोपणे आणि हवा. (हवेने खांदा निळा होण्याचं प्रमाण ऑक्टोबरात, म्हणजे शिकारीचा हंगाम जवळ आला की, वाढतं.)

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ शोभावा असं जनावर. नराचं वजन सातशे पौंडांच्या घरात. एवढ्या मोठ्या जनावराला तेवढीच मोठी बंदूक लागते, असं गावाचं गणित आहे आणि ते तोंडी असल्यामुळे कुणी तपासलेलं नाही. म्हणून प्रत्येक सज्ञान पुरुषाकडे मॅग्नम नावाची दांडगी बंदूक असते. तिचा बार उडाला की पलीकडच्या डोंगरावरचे कावळे उठतात आणि अलीकडच्या माणसाच्या दाढा एकमेकींवर आपटतात. त्यानंतर तीस सेकंदांच्या आत त्या माणसाने हसून "अगदी लोण्यासारखी आहे" असं म्हणायचं असतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडता येत नाही.

व्हर्लिन टॉल्फसन हा नियम पाळणाऱ्यांपैकी होता. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या सरकारी गाडीवर तो चालक होता. वय अठ्ठावन्न, देह भरभक्कम, स्वभाव मऊ. हॉर्स रिज नावाच्या डोंगरातला नर एल्क मारण्याचा परवाना सोडतीने मिळतो, आणि त्या सोडतीत तो एकोणीस वर्षं नाव घालत होता. या वर्षी ते निघालं. पत्र आलं तेव्हा तो अंगणात एकटाच थोडा नाचला. परवाना एकाच हंगामापुरता. नंतर सात वर्षं अर्जसुद्धा करता येत नाही, आणि मग पुन्हा रांगेच्या शेपटाला. म्हणजे हा नर हुकला तर पुढचा व्हर्लिनच्या वाट्याला बहुधा स्वर्गातच येणार होता.

अडचण एवढीच होती, की व्हर्लिनची मॅग्नम कुठे लागेल ते मॅग्नमलाही सांगता येत नसे.

हंगामापूर्वी एका रविवारी गावच्या मैदानावर सगळे आपापल्या बंदुकांचा नेम बसवून घेतात. चर्चच्या बायका चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं घेऊन बसतात, पुरुष ओळीने बाकांवर. व्हर्लिनच्या चार गोळ्यांपैकी एक लक्ष्याच्या कागदाला लागली. तीही शेजारच्याच्या. त्याचा मित्र मर्ल ओस्टबी मागे उभा होता.

"आण इकडे, मी भरून देतो," मर्ल म्हणाला. "तुझा हात चांगला नाही."

मर्लने बंदूक भरल्यासारखी केली आणि रिकामीच परत दिली. (त्या भागात याला थट्टा म्हणतात.) व्हर्लिनने श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला. टिक् एवढाच आवाज झाला. पण धक्का नसलेल्या त्या नुसत्या टिकवर व्हर्लिनचे दोन्ही डोळे गच्च मिटले, खांदा पुढे उसळला आणि बंदुकीची नळी देवाला नमस्कार करावा तशी खाली गेली. सगळं मैदान पाहत होतं.

कुणी हसलं नाही. हसायला दोन बाजू लागतात, आणि इथे दुसरी बाजू उपलब्ध नव्हती. मर्लचा स्वतःचाच चेहरा उतरला.

"माशी बसली असेल," तो म्हणाला.

"मोठी होती," पलीकडच्या बाकावरून कुणीतरी दुजोरा दिला.

त्या दिवशी मग उरलेल्यांपैकी कुणीही आपली बंदूक दुसऱ्याला भरू दिली नाही, आणि बऱ्याच जणांना एकदम घरचं गवत कापायचं राहिल्याचं आठवलं.

व्हर्लिन मंगळवारी चाळीस मैल दूर, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा गावात बंदुकांच्या दुकानी गेला. दारात ओळखीचे तीन ट्रक उभे होते. ते निघून जाईपर्यंत तो पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरत राहिला. चारही टायर त्यामुळे टणक झाले.

दुकानदार लायल बेकस हा अत्यंत सभ्य गृहस्थ. या धंद्यात नेम येतो की नाही याला महत्त्व नाही, नजर खाली ठेवता आली पाहिजे.

"धक्का जरा बेताचा असलेली हवी होती," व्हर्लिन म्हणाला. "म्हणजे मला नाही."

"सौभाग्यवतींसाठी," लायल म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"हो, तिच्यासाठी."

"वहिनी उजव्या खांद्यावर धरतात का डाव्या?"

"उजव्या."

"वजन किती असेल वहिनींचं?"

व्हर्लिनने पोट आत घेतलं. "दोनशे तीस पौंड."

"सुदृढ आहेत," लायल आदराने म्हणाला. "हात जरा पुढे करा. वहिनींचा हात साधारण तुमच्याएवढाच धरू." त्याने सात मिलिमीटरची एक हलकी बंदूक व्हर्लिनच्या कोपराशी लावून पाहिली, दस्त्याला मागे रबरी गादी बसवली आणि शांतपणे माहिती दिली, की हिचा धक्का मॅग्नमच्या निम्मा आहे. एल्क मात्र हिने पूर्ण मरतो. नीट जागी लागली तर फरक कळतो, असं आजवर एकाही एल्कने कळवलेलं नाही.

लायलच्या अंदाजानुसार त्या जिल्ह्यात सौभाग्यवतींसाठी विकल्या गेलेल्या बंदुकांची संख्या सौभाग्यवतींपेक्षा एकशे बाराने जास्त आहे. घेणाऱ्यांत दोन विधुर आहेत, आणि एक पाद्री, ज्यांच्या पंथात लग्नच करत नाहीत. मर्ल ओस्टबी अविवाहित असून त्याने आपल्या सौभाग्यवतीसाठी दोन नेल्या आहेत. (एक ट्रकमध्ये असावी म्हणून.)

इथवर सगळं रीतसर झालं. बंदूक घरी पोचल्यावर मात्र अशी चूक घडली, जी या व्यवस्थेत कुणीच गृहीत धरली नव्हती. बंदूक खरोखरच सौभाग्यवतींना मिळाली.

"माझ्यासाठी?" डोरीन दारातच म्हणाली. लग्नाच्या मागच्या वाढदिवसाला तिला बर्फ उपसायचं फावडं मिळालं होतं. तिने खोकं फोडलं, बंदूक खांद्याला लावली, आणि तिचा चेहरा असा उजळला की व्हर्लिनच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. डोरीन वडिलांच्या जुन्या बंदुकीने दरवर्षी एक मादी एल्क आणून घरचा फ्रीझर भरत असे, पण त्याला गावात शिकार म्हणत नसत. मटण म्हणत. संध्याकाळी ती मैदानावर गेली, एका बिस्किटाखाली झाकतील अशी तीन भोकं पाडून आली आणि बंदूक आपल्या कपाटात ठेवून झोपली.

व्हर्लिनला झोप लागली नाही. हंगाम चार दिवसांवर आला तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. डोरीन बटाटे सोलत होती.

"तुझी ती बंदूक," तो म्हणाला, "मी जरा नेली असती."

"का? तुझी तोफ आहे की."

"ती डोंगरात न्यायला जड पडते."

"गेल्या वर्षी नाही पडली?"

"दुर्बिणीची काच धूसर आहे."

"कालच पुसत होतास. व्हर्लिन, काय ते नीट सांग बाबा. मला बटाटे आहेत."

व्हर्लिनने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. रस्त्यावरही कुणी नव्हतं.

"दुखतं गं," तो म्हणाला. "फार दुखतं. पहिल्या दिवसापासून दुखतं."

डोरीनने सुरी खाली ठेवली. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि म्हणाली, "अरे वेड्या, तीस वर्षं?" व्हर्लिनला इतकं हायसं वाटलं, की त्याने उरलेले सगळे बटाटे सोलून दिले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी दोघं हॉर्स रिजवर गेली. मॅग्नमही ट्रकमध्ये होती (गावातून तिच्याशिवाय निघणं बरं दिसत नाही). उजाडता उजाडता नर बाहेर आला. दोन्ही बाजूंना सहा-सहा टोकांची शिंगं, तोंडातून वाफ. व्हर्लिनने डोरीनची बंदूक दगडावर टेकवली आणि चाप ओढला. खांद्याला कुणीतरी "चला" म्हटल्यासारखं वाटलं, एवढंच. नर पडला. आणि व्हर्लिनने तो पडताना पाहिला, कारण बार उडण्याच्या क्षणी डोळे उघडे असण्याची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. तो चक्क रडला. डोरीनने त्याला मिठी मारली. एकोणीस वर्षांचं सार्थक झालं.

मग फोटो काढायचा होता.

"थांब हं," व्हर्लिन म्हणाला, आणि तो अर्धा मैल उतरून ट्रककडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात मॅग्नम होती. ती त्याने नराच्या शिंगांवर आडवी ठेवली.

"हे काय?" डोरीनने विचारलं.

"फोटोत जरा बरी दिसते."

डोरीनला वाईट वाटलं होतं, आणि ते बंदुकीचं नव्हतं. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. "हस," ती म्हणाली.

फोटो सध्या गावच्या कॅफेत गल्ल्याच्या वर लावलेला आहे. पहिल्याच दिवशी मर्ल त्याच्यासमोर कॉफी गार होईपर्यंत उभा होता.

"धक्का?" त्याने हळूच विचारलं.

"कसला धक्का!" व्हर्लिन म्हणाला. "लोणी."

मर्लने मान डोलावली, आणि खांदा दुखणारे गावात आपण एकटेच आहोत अशी त्याची खात्री पटली. पुढच्या वर्षी जिल्ह्यात मॅग्नमचा खप अठरा टक्क्यांनी वाढला. सौभाग्यवतींसाठीच्या बंदुकांचाही बरोबर अठरा टक्क्यांनीच वाढला. लायलने मागच्या बाजूला एक खोली वाढवली असून तिला वेगळं दार ठेवलं आहे.

या परक्या मुलखातल्या भाबड्या लोकांना आपण हसला असाल, तर त्यास आमची हरकत नाही. फक्त परवा मटणाच्या खानावळीत चारचौघांत मिशीवर हात फिरवून आपण तांबडा रस्सा मागवलात, आणि मग हात धुवायच्या निमित्ताने उठून वाढप्याला हळूच सांगितलंत, "जरा बेताचं तिखट करा हो, बरोबर लहान पोरगं आहे." वाढपी "बरं साहेब" म्हणाला. आपले चिरंजीव एकतीस वर्षांचे असून नोकरीनिमित्त बंगळुरास असतात, हे त्याला गेल्या वेळेपासून ठाऊक होतं.